व्हॉल्व्हचं मशीन: दुरुस्ती, बायस आणि आमची एक चूक

(नारायणगाव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मागे बसलेल्यांनी पुढं सरकलात तर बरं होईल, कारण दाखवायची वस्तू लहान आहे. फक्त टेबलाला कोणी हात लावू नका. पेटीची वायर काढलेली दिसली तरी नाही. का, ते थोड्या वेळानं सांगतो.

ही जी राखाडी पेटी आहे, ती लाउडस्पीकरची. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांनी ती लगेच ओळखली असेल. आपल्याकडं हिला कोणी अ‍ॅम्प्लिफायर म्हणत नव्हतं, ‘मशीन’ म्हणायचे. स्पीकरवाला आला की तो दोन कर्णे, एक माइक आणि एक मशीन घेऊन यायचा. पुढं चार बटणं आहेत: माइक एक, माइक दोन, पिकअप आणि टोन. पिकअप म्हणजे ग्रामोफोनची जागा. नावाची पट्टी निखळून पडली आहे, त्यामुळं कंपनी कोणती हे आम्ही सांगत नाही. जाळीतून आत बघितलं तर काचेचे पाच व्हॉल्व्ह दिसतील.

मंचरजवळच्या एका गावात, माळ्यावर, कांद्याच्या रिकाम्या बारदानाखाली हे पंचवीसेक वर्षं पडून होतं. ज्यांचं होतं ते आजोबा गेले. नातू गिटार वाजवतो. त्यानं कुठंतरी वाचलं की गिटारवाले लोक व्हॉल्व्हच्या मशीनसाठी लाखभर रुपये मोजतात. मग तो हे पोत्यात बांधून मोटारसायकलवर आमच्याकडं घेऊन आला आणि म्हणाला, “काका, याच्यावर गिटार वाजंल का?”

वाजेल. पण माळ्यावरून काढून थेट प्लगमध्ये घातलं असतं, तर मशीन गेलं असतं आणि कदाचित पोरगाही. आजचं बोलणं या दोन वाक्यांच्या मधल्या भागाबद्दल आहे.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं. एक जण लाउडस्पीकरच्या दुकानात लहानाचा मोठा झाला, दुसऱ्यानं आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. एकाला हात आहे, दुसऱ्याला गणित आहे. भांडणं भरपूर होतात.

पहिला प्रश्न असा की सभेचं मशीन गिटारला चालतंच कसं? त्याला कारण आहे. सुरुवातीला या दोन वेगळ्या जाती नव्हत्याच. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात १९६२ साली गिटारचं जे मशीन तयार झालं, तो अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या बेस गिटारच्या मशीनवरून घेतलेला नकाशा होता. आत काय? पुढं छोटे व्हॉल्व्ह, मागं दोन मोठे, एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर. आपल्या या पेटीतही तेच. पुढं दोन ईसीसी ८३, मागं ईएल ३४ ची जोडी आणि पाचवा रेक्टिफायर, जीझेड ३४. फरक आहे तो माइकच्या जागी आणि टोनच्या बटणाशी. बाकी चुलत भाऊच.

आणि आपल्याकडं अशी यंत्रं किती होती! नारायणगावात उभं राहून तमाशाबद्दल आम्ही काय सांगावं? गुढीपाडव्याच्या आगेमागे इथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात, म्हणून तर या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई नारायणगावकरांचं गाव हे. ढोलकी आणि हलगी हजार माणसांना आपल्या बळावर ऐकू जाते, पण माणसाचा गळा रात्रभर पुरत नाही. तिथं हे मशीन आलं. बैलगाड्यांच्या घाटात बारी पुकारणारा, लग्नाच्या मांडवातली रेकॉर्ड, निवडणुकीची जीप, सप्ताहातलं कीर्तन, सगळं याच पेट्यांतून गेलं. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६० च्या दशकात असे व्हॉल्व्ह देशात बनवायला घेतले. त्यामुळं जुन्या दुकानांत ‘बीईएल’ छापलेल्या लाल-निळ्या खोक्यांची नाही म्हटलं तरी दहावीस रिकामी टरफलं आजही निघतात. खोकी निघतात, व्हॉल्व्ह निघत नाहीत.

मग बँजो पार्ट्या आल्या. बँजो म्हणजे आपला टायपांचा बँजो, बुलबुलतरंग. त्याच्या तारांखाली चुंबकाचा पिकअप बसवला की तो गिटारसारखाच विजेवर वाजतो. गिटारच्या मशीनची खरी गोष्ट आपल्या भागात अशी आहे: गिटार नंतर आली, बँजो आधी आला.

आमची चूक बँजोच्या मशीनमध्येच झाली. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल.

काही वर्षांपूर्वी एका पार्टीचं मशीन आमच्याकडं आलं. तक्रार साधी होती, आवाज बसलाय. आम्ही तपासलं, ईएल ३४ ची जोडी म्हातारी झालेली. नवी जोडी मागवली, जुनी काढली, नवी घातली, चालू केलं. आवाज खणखणीत. पंधरा मिनिटं वाजवून बघितलं, पैसे घेतले, दिलं. फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याच्या तारा पिळून घातल्या होत्या. त्या आम्हाला दिसल्या होत्या. ‘पुढच्या वेळी बदलू’ म्हणालो.

जत्रेच्या रात्री दुसऱ्या तासाला त्या नव्या व्हॉल्व्हच्या प्लेटा लाल झाल्या. पोरांना वाटलं, जोरात वाजतंय म्हणून चमकतंय. एकानं तर मोबाइलवर फोटो काढला. मग वास आला, मग आवाज गेला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग जळाली होती. हंगाम ऐन भरातला, पुढच्या सुपाऱ्या घेतलेल्या. त्या पोरांनी भाड्यानं दुसरं मशीन आणून हंगाम काढला आणि कमाई भाड्यात गेली. ट्रान्सफॉर्मर आम्ही आमच्या खर्चानं पुण्यात भरून आणला, पण आवाजाचा वरचा भाग मेला तो मेलाच. कारण मूळ ट्रान्सफॉर्मरात आतली आणि बाहेरची वाइंडिंग थराथरांनी एकात एक गुंफलेली असते. आम्ही भरणाऱ्याला नुसते वेढे मोजून दिले होते, थरांची रचना लिहून दिली नव्हती. दुसरी चूक पहिल्याच्या पोटात.

आता हे झालं कशानं? नवे व्हॉल्व्ह खराब होते का? नाही. उत्तम होते, आणि उत्तम होते म्हणूनच जळालं. ते समजायला बायस म्हणजे काय ते समजलं पाहिजे.

‘व्हॉल्व्ह’ या शब्दाचा अर्थच झडप. तुम्ही सगळे दारं धरणारी माणसं आहात. पाटातून वावरात पाणी घ्यायला दार असतं. पाण्याचा जोर कुकडीच्या कालव्याचा, पण किती पाणी जाणार हे ठरवतं ते दार. दार हलवायला जोर लागत नाही, दोन बोटांनी हलतं. व्हॉल्व्हमध्ये कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, ते प्लेटकडं धावतात, कारण प्लेटवर चारशेच्या पुढं व्होल्ट आहेत. मधे तारेचं एक वेटोळं आहे, ते ग्रिड. ग्रिड म्हणजे दार. गिटारची तार हलली की पिकअपमधून येणारा इवलासा विजेचा झोका ग्रिडला हलवतो आणि त्या तालात प्लेटचा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. आवाज मोठा होतो तो असा.

आता कोणी काहीच वाजवत नसताना दार किती उघडं ठेवायचं? पूर्ण बंद ठेवलं तर बारीक आवाज दाराला हलवूच शकणार नाही. सताड उघडं ठेवलं तर वावर वाहून जाईल. ही जी मधली स्थिती, तिचं नाव बायस. ग्रिडला उणे व्होल्ट देऊन ती ठरवतात. जितकं जास्त उणे, तितकं दार बंद.

मागं दोन व्हॉल्व्ह का? जात्यावर दोघी बसतात ना, तसं. एक ओढते, मग दुसरी ओढते. एकीनं खुंटा सोडण्याआधी दुसरीचा हात लागलेला पाहिजे. बायस फार थंड, म्हणजे फार उणे ठेवला, तर एकीचा हात सुटतो आणि दुसरीचा अजून लागलेला नसतो. मधे जातं अडखळतं. गिटारवर ते असं ऐकू येतं की हळू वाजवलं की स्वर चिरका, कोरडा, वाळूतून गेल्यासारखा. बायस फार गरम ठेवला, तर दोघी सगळा वेळ जोर लावत राहतात, दळण तेवढंच आणि दमणूक दुप्पट. ती दमणूक म्हणजे उष्णता. ईएल ३४ ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट उष्णता सोसू शकते. त्यापुढं गेली की लाल.

त्या बँजोच्या मशीनमध्ये ग्रिडवर उणे ३४ व्होल्ट हवे होते. जळाल्यानंतर मोजले तेव्हा उणे २१ भरले. मधले १३ कुठं गेले? पुढच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून ग्रिडकडं आवाज नेणारा एक कंडेन्सर असतो. त्याचं काम आवाज जाऊ द्यायचा आणि वरचे दोनअडीचशे व्होल्ट अडवायचे. कागदाचा जुना कंडेन्सर ओलाव्यानं झिरपायला लागतो. वरून थोडे अधिक व्होल्ट ग्रिडवर गळत राहतात आणि दार आपोआप उघडं पडतं. जुनी जोडी इतकी थकलेली होती की दार उघडं असूनही तिच्यातून फार पाणी जात नव्हतं. तिच्या म्हातारपणानं कंडेन्सरचं दुखणं झाकलं होतं. आम्ही धडधाकट जोडी घातली आणि पूर सुटला.

म्हणून आमचा क्रम आता ठरलेला आहे. नवा व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी.

आता या पेटीकडं येऊ. उघडण्याआधी हात का लावू नका म्हणालो ते. वायर काढली तरी आतले मोठे कंडेन्सर भरलेले राहू शकतात. ४५० व्होल्टला भरलेल्या १०० मायक्रोफॅरडमध्ये दहा ज्यूल साठतात. ऐकायला कमी वाटतं, पण एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघाले तर मधे छाती आहे. काही लोक पेचकसानं चटका देऊन कंडेन्सर रिकामा करतात. ठिणगी पडते, पेचकसाचं टोक उडतं आणि कंडेन्सरलाही इजा होते. आम्ही २२ किलोओहमचा पाच वॅटचा रेझिस्टन्स वापरतो. एक टोक चिमट्यानं चेसिसला, दुसरं इन्सुलेटेड सळईनं कंडेन्सरला, आणि अर्धा मिनिट थांबायचं. मग मीटरनं मोजायचं. मोजल्याशिवाय विश्वास नाही. आणि चालू मशीनमध्ये मोजताना डावा हात खिशात. ही सवय दुकानातल्या जुन्या मिस्त्रींनी लावली, थोबाडीत देऊन लावली.

हे उघडलं तेव्हा आत उंदराचं घरटं होतं आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला कुंभारीण माशीची मातीची तीन घरं. हसू नका, ओली माती चेसिसवर म्हणजे गंज. रबराच्या वायरी हात लावताच तुकडे होऊन पडल्या. पहिला दिवस नुसता ब्रश आणि नव्या वायरीत गेला.

मुख्य वायर दोन पिनांची होती. ती काढून तीन पिनांची घातली, हिरवी तार चेसिसला बोल्टनं घट्ट. जुन्या पेट्यांत कधीकधी लाइनच्या एका तारेवरून चेसिसला एक कंडेन्सर जोडलेला असतो, घुंई कमी व्हावी म्हणून. तो कापून टाका. तो बिघडला की फेज थेट पेटीवर येते. आणि गिटारच्या तारा पेटीलाच जोडलेल्या असतात! बँजोच्याही. वाजवणारा एका हातानं तार धरतो आणि ओठ माइकला लावतो. गाताना झटका बसल्याच्या गोष्टी तुम्ही सगळ्यांनी ऐकल्या असतील. कारण बहुतेक वेळा हेच. पण तीन पिना लावून भागत नाही, जमिनीत अर्थिंगही खरं पाहिजे. मांडवातल्या बोर्डावर तिसरं भोक असतं, त्यामागं तार असतेच असं नाही.

मग पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीजच्या दिव्यातून. साधा तारेचा दिवा, एलईडी नव्हे. सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवायचे, ६० वॅटचा दिवा सिरीजमध्ये. दिवा क्षणभर लुकलुकून विझला, तर पॉवर ट्रान्सफॉर्मर जिवंत. पेटलेलाच राहिला तर बंद करा, आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्ह घातल्यावर ६० चा दिवा उपयोगाचा नाही. नुसत्या दोन ईएल ३४ च्या फिलामेंटला १९ वॅट लागतात, दिवा तसाही पेटणार आणि तुम्ही घाबरणार. तेव्हा शंभर-दीडशेचा लावा.

मोठे फिल्टर कंडेन्सर हळूहळू वीज देऊन परत ‘उठवता’ येतात, असं वाचायला मिळतं. आमच्या दोघांत यावरून भांडण आहे. आता तरी गणितवाला जिंकलाय: बदला. माळ्यावर पंचवीस वर्षं वाळलेला कंडेन्सर एखाद्या दिवशी फुटणार, आणि फुटेल तेव्हा ट्रान्सफॉर्मर घेऊन जाणार. जुनं ॲल्युमिनियमचं नळकांडं शोभेला वर राहू द्या, नवे खालून जोडा. मोठा कंडेन्सर घातला की घुंई जाते म्हणून काही जण २२० मायक्रोफॅरड ठोकून देतात. जीझेड ३४ ला पहिला कंडेन्सर ६० च्या वर चालत नाही. सुरू होताना तो कंडेन्सर इतका ओढतो की रेक्टिफायर मरतो. पेटीवर ४७ लिहिलं असेल तर ४७ घाला.

आवाज नेणारे दोन्ही कागदी कंडेन्सर बदलले. बदलण्याआधी उत्सुकता म्हणून मोजले, मोठे व्हॉल्व्ह काढून, ग्रिडच्या म्हणजे पाच नंबरच्या पिनेवर. एका बाजूला उणे ३६, दुसऱ्या बाजूला उणे २८. तीच गोष्ट! नातवानं हे थेट चालू केलं असतं तर एका बाजूचा व्हॉल्व्ह जत्रेतल्यासारखा चमकला असता.

बायसचे उणे व्होल्ट देणारा छोटा भाग वेगळा असतो. एक रेक्टिफायर, एक कंडेन्सर, एक प्रीसेट. पाच रुपयांचा कंडेन्सर आहे, पण तो वाळला की दोन्ही व्हॉल्व्ह एकदम जातात. न विचारता बदलायचा. आणि प्रीसेट असा जोडायचा की त्याचा मधला काटा कधी सुटला तर बायस जास्त उणे व्हावा, कमी नव्हे. त्यासाठी काटा आणि उणे टोक यांच्यामध्ये एक रेझिस्टन्स कायमचा टाकून ठेवतात. बिघडलं तर दार बंद पडावं, उघडं नाही.

काही मशीनमध्ये हा भाग नसतोच. कॅथोडखाली एक जाडा रेझिस्टन्स असतो आणि व्हॉल्व्ह आपला बायस आपण लावून घेतो. ईएल ८४ च्या लहान पेट्या बहुधा अशाच. तिथं रेझिस्टन्सची किंमत मोजली की झालं.

आता प्रत्यक्ष करतो. दिवे थोडे कमी करा, प्लेटा दिसू देत.

आउटपुटला आठ ओहमचा ५० वॅटचा रेझिस्टन्स लावलाय, स्पीकरच्या जागी. काहीच न लावता व्हॉल्व्हचं मशीन कधी चालवायचं नाही. ट्रान्सफॉर्मरला ताकद द्यायला जागा मिळाली नाही की आतच व्होल्ट उसळतात आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन फाटतं. दोन्ही ईएल ३४ ची एक आणि आठ नंबरची पिन एकत्र करून तिथून चेसिसला एकेक ओहमचा रेझिस्टन्स जोडलाय. एक ओहमवर जितके मिलिव्होल्ट, तितकेच मिलिअँपिअर. गणित सोपं व्हावं म्हणूनच एक ओहम.

प्रीसेट पूर्ण उणे बाजूला. चालू. तीन-चार मिनिटं थांबू.

डावा १८, उजवा १६. थंड आहे. प्लेटवर किती? ४४२. आता प्रीसेट हळूहळू फिरवतोय... २५... ३१... बघा, प्रवाह वाढला तसे प्लेटवरचे व्होल्ट खाली आले, ४३०. म्हणून दोन्ही आकडे पुन्हापुन्हा वाचायचे.

थांबायचं कुठं? पुस्तकात साधारण ७० टक्के सांगतात. २५ वॅटचे ७० टक्के म्हणजे साडेसतरा. त्याला ४३० नं भागलं की ४१ मिलिअँपिअरच्या आसपास येतं. आम्ही आपल्या भागासाठी ६० टक्क्यांवर थांबतो. १५ भागिले ४३० म्हणजे ३५. कॅथोडमधून जाणाऱ्या प्रवाहात स्क्रीनचे चारेक मिलिअँपिअर असतात, ते धरून मीटरवर ३९ दिसायला हवेत. डावा ३९, उजवा ३६. एवढा फरक चालतो. पाचच्या पुढं गेला तर जोडी जुळलेली नाही म्हणायचं.

६० का? आत्ता या हॉलमध्ये २२६ व्होल्ट आहेत. शेतीच्या मोटारी चालू असल्या की आणखी पडतात. लोड गेला की रात्री एक वाजता हाच बोर्ड अडीचशे दाखवतो. आम्ही मोजलंय. २३० चे २५० झाले की प्लेटवरचे ४३० चे ४६७ होतात, प्रवाहही वाढतो. दोन्ही मिळून १५ वॅटचे साडेअठराच्या आसपास होतात. साडेसतरापासून निघालात तर एकवीसच्या पुढं, आणि वाजवणं अजून धरलेलंच नाही. जत्रेतला कार्यक्रम रात्री एकलाच रंगात येतो ना? पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात वीज अशी नाचत नसावी. जनरेटर असेल तर त्याचे व्होल्ट आधी मोजा, मगच मशीन लावा.

आता स्पीकर. मागं पट्टीवर ४, ८, १६ आणि १०० व्होल्ट असे स्क्रू आहेत. शंभरचा स्क्रू लांबच्या कर्ण्यांसाठी. वायर दोन-दोन शेतं ओलांडून जायची, म्हणून व्होल्ट वाढवून पाठवायचे आणि कर्ण्यापाशी छोट्या ट्रान्सफॉर्मरनं उतरवायचे. ३० वॅटच्या मशीनला तिथं ३३३ ओहमचा भार अपेक्षित असतो. तिथं गिटारचा आठ ओहमचा स्पीकर लावला, तर मागच्या दोघींच्या दृष्टीनं जात्यात दगड घातला. नातवानं नेमकी तिथंच वायर लावून आणली होती, ‘शंभर म्हणजे जोरात’ म्हणून.

गिटार लावायची ती माइकच्या भोकात. तिथल्या ग्रिडला एक मेगोहमचा रेझिस्टन्स दिला आणि त्याच्या पुढं ६८ किलोओहमचा एक. गिटारच्या पिकअपला जड ओझं दिलं की तिचा वरचा आवाज मरतो. बाकी टोनचं बटण आहे तसंच ठेवलं. आजोबांच्या बोटांनी गुळगुळीत झालेलं आहे, नातू बदलू देईना.

प्रश्न विचारा आता.

*(श्रोत्यांतून: एवढं करण्यापेक्षा ट्रान्झिस्टरचं मशीन घेतलं तर?)*

जत्रेला, सप्ताहाला, बारी पुकारायला ट्रान्झिस्टरचंच घ्या. हलकं, स्वस्त, आत चारशे व्होल्ट नाहीत. आम्हीसुद्धा तेच भाड्यानं देतो. व्हॉल्व्ह हवा तो फक्त गिटार-बँजोसाठी. जोरात वाजवल्यावर हा आवाज फाटतो तो गोलाईनं फाटतो, आणि वाजवणाऱ्याला ते फाटणंच हवं असतं. कीर्तनकाराला नको असतं.

*(व्हॉल्व्ह मिळतात कुठं?)*

नवे ईएल ३४ आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, मुंबईत मागवून मिळतात. जोडी जुळवलेली घ्या, आणि घातली की पुन्हा बायस. व्हॉल्व्ह बदलला आणि बायस बघितला नाही, असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून मशीन परत आणा. आमच्याकडूनसुद्धा.

*(एक ज्येष्ठ श्रोते: आमच्या वेळी एवढा मीटर-बिटर कुठं होता? आम्ही अंधारात प्लेट बघून लावायचो. लाली दिसली की मागं.)*

बाबा, खरं आहे. लाली दिसली म्हणजे २५ वॅटची हद्द ओलांडली, तिथून मागं घेतलं की मशीन वाचायचं. पण तेव्हा खोक्यात दुसरी जोडी तयार असायची, वीस-तीस रुपयांत. शिवाय तुम्ही रात्रभर मशीनपाशी बसून असायचात. आता पेटी स्टेजमागं ठेवून पोरं पुढं नाचतात, लाली बघायला कोणी नसतं.

*(ज्येष्ठ श्रोते: ते बी खरं. आणि तो फ्यूज?)*

काचेचा, दोन अँपिअरचा. दोन जास्तीचे झाकणाच्या आत चिकटपट्टीनं लावून दिलेत. आता तो मुलगा गिटार लावतोय. वायर आठच्या स्क्रूला आहे ना रे? बघ एकदा.